सूचना छापली, पण जबाबदारी कोणाची?

व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर, त्याबरोबरच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर किंवा खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर क्षणभर एक सूचना दिसते. चमकणाऱ्या प्रकाशामुळे किंवा विशिष्ट आकृत्यांमुळे काही थोड्या व्यक्तींना अपस्माराचा झटका येण्याचा संभव असतो. ज्यांना पूर्वी असा त्रास कधीही झालेला नाही, अशांनाही तो होऊ शकतो. दृष्टी अंधुक होणे, पापण्या फडफडणे, स्नायूंना आचके येणे, भान हरपणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच खेळ थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा, असा तिचा सर्वसाधारण आशय असतो. ही सूचना बहुधा इंग्रजीत असते. अक्षरे बारीक असतात. ती वाचावयाची कोणी, तर दहा-बारा वर्षांच्या मुलाने, ज्याचे बोट ती पडद्यावर उमटण्यापूर्वीच पुढे जाण्याच्या कळीवर टेकलेले असते!

एकेकाळी असे खेळ मोठ्या शहरांतील पार्लरपुरते आणि सुखवस्तू घरांतील दूरचित्रवाणी संचापुरते मर्यादित होते. आज मोबाइलच्या द्वारे ते वाडीवस्तीपर्यंत जाऊन पोहोचले आहेत. खेळ पोहोचला, परंतु त्याबरोबरची सूचना समजेल अशा भाषेत पोहोचली नाही, ही वस्तुस्थिती आहे. अशा वेळी खेळता खेळता एखाद्या मुलाला झटका आला, तर त्याची जबाबदारी कोणावर येते? खेळ तयार करणाऱ्या कंपनीवर, तो विकणाऱ्यावर, पार्लर चालविणाऱ्यावर, की मुलाच्या हाती मोबाइल देणाऱ्या पालकावर? सूचना छापली, की कंपनी मोकळी झाली असे समजावयाचे काय? अनेक देशांच्या कायद्यांना गेली तीस-चाळीस वर्षे या प्रश्नाने ग्रासले आहे. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानंतर त्याचे उत्तर शोधण्यास बराच आधार मिळाला आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्याकडेच अशा प्रसंगी प्रथम धाव घेतली जाते. म्हणून हा विषय येथे काहीशा विस्ताराने मांडला आहे.

जपानमधील ती संध्याकाळ

या विषयाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले, ते एका प्रत्यक्ष खेळामुळे नव्हे. एका खेळावर आधारलेल्या चित्रमालिकेमुळे. १६ डिसेंबर १९९७ रोजी संध्याकाळी साडेसहा वाजता जपानमध्ये टीव्ही टोकियो या वाहिनीवरून ‘पोकेमॉन’ मालिकेचा ३८ वा भाग प्रसारित झाला. भागाच्या उत्तरार्धात एका स्फोटाचे दृश्य होते. त्यात लाल आणि निळा हे रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून पडदा व्यापत होते. हा प्रकार काही सेकंदच चालला. परंतु तेवढ्या अवधीत देशाच्या निरनिराळ्या भागांतील मुलांना डोकेदुखी, मळमळ, अंधारी आणि काहींना चक्क आकडी येऊ लागली. रुग्णवाहिकांमधून रुग्णालयांत नेण्यात आलेल्या मुलांची संख्या ६८५ होती. बहुतेक मुले थोड्याच वेळात सावरली. काहींना मात्र रुग्णालयात ठेवून घ्यावे लागले. त्याच रात्री वृत्तप्रसारणात ते दृश्य पुन्हा दाखविण्यात आले आणि त्यामुळे आणखी काही जणांना त्रास झाला. धोक्याची बातमी देतानाच तो धोका पुन्हा घराघरांत पोहोचवावा, याला काय म्हणावे?

मालिकेचे प्रसारण चार महिने थांबले. तो भाग नंतर कधीही दाखविण्यात आला नाही. एप्रिल १९९८ मध्ये जपानच्या प्रसारण संस्थांनी चमकणाऱ्या दृश्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. खोलीत पुरेसा उजेड ठेवून आणि पडद्यापासून दूर बसून कार्यक्रम पाहावा, अशी सूचना जपानी चित्रमालिकांच्या आरंभी दाखविण्याची प्रथा तेव्हापासून पडली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या संध्याकाळी बाधा झालेल्यांपैकी बऱ्याच मुलांना पूर्वी कधीही झटका आलेला नव्हता. म्हणजे आपण या धोक्याला बळी पडू शकतो, हे त्यांना किंवा त्यांच्या आईवडिलांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. जबाबदारीच्या सर्व चर्चेचे मर्म याच एका गोष्टीत आहे.

प्रकाश आणि मेंदू

मेंदूतील पेशींचे कार्य सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालते. हे संदेश एरवी निरनिराळ्या पेशींमधून निरनिराळ्या वेळी निघतात. पेशींचा एखादा मोठा समूह एकाच ठेक्यात, एकाच वेळी संदेश सोडू लागला, की झटका येतो. ग्रामीण भागात यालाच फेफरे, मिरगी किंवा आकडी म्हणतात. डोळ्यांवर ठराविक गतीने पडणारा लखलखाट मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशींना असा ठेका धरावयास लावू शकतो. ज्यांच्या मेंदूत ही प्रवृत्ती असते, त्यांच्या विकाराला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. साधारणपणे दर चार हजार व्यक्तींमागे एकास तो असतो आणि अपस्माराच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांना प्रकाशामुळे झटका येतो, असे तज्ज्ञ सांगतात. मुले आणि किशोरवयीन यांच्यात तो अधिक आढळतो. त्यातही मुलींमध्ये अधिक. वय वाढते, तसा पुष्कळांच्या बाबतीत त्याचा जोर कमी होतो.

सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारा लखलखाट धोक्याचा मानला जातो आणि १५ ते २५ वेळा होणारा विशेष धोक्याचा. गडद लाल रंग, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची नक्षी, पडद्याचा मोठा भाग व्यापणारी चमक, अंधारी खोली, पडद्याला नाक लावून बसण्याची सवय, जागरण आणि थकवा ही सर्व कारणे एकमेकांत मिळाली, की धोका वाढतो. जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा स्वतःच सतत लुकलुकत असे. आताच्या सपाट पडद्यांत तो दोष फारसा राहिलेला नाही. परंतु पडद्यावरील दृश्यच लखलखाटाचे असेल, तर पडदा नवा असून उपयोग काय?

संख्येच्या दृष्टीने पाहिले, तर हा धोका थोडक्यांना आहे हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ७ ते १९ वर्षे वयाच्या मुलांमध्ये अशा खेळांमुळे आयुष्यातील पहिला झटका येण्याचे प्रमाण वर्षाला एक लाखात सुमारे दीड इतके आढळले. म्हणून प्रत्येक मोबाइल हिसकावून घेण्याची गरज नाही. परंतु ज्याच्या घरी हा प्रसंग येतो, त्याला लाखातील प्रमाण सांगून समाधान होत नाही. मूल पायऱ्यांवर किंवा विहिरीच्या काठी बसून खेळत असेल, तर एकच झटका जीवघेणा ठरू शकतो. शिवाय आपल्या समाजात या विकाराला चिकटलेला कलंक अजून पुरता पुसला गेलेला नाही. हिंदू विवाह अधिनियमात अपस्मार हा विवाहाच्या आड येणारा विकार म्हणून नमूद होता. तो उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. कायद्यातून शब्द गेला. मुलीला एकदा झटका आला, की तिच्या लग्नाची काळजी करणारी कुजबूज मात्र अजून गेलेली नाही. नुकसानभरपाईचा विचार करताना केवळ रुग्णालयाच्या बिलाचा हिशेब का पुरत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

इशारे कसे आले?

व्हिडिओ गेममुळे झटका आल्याचा एक प्रारंभीचा वृत्तांत १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील दहा-बारा वर्षांत असे वृत्तांत वाढत गेले. १९९३ च्या आरंभी ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी हा विषय मोठ्या मथळ्यांनी गाजविला. याच सुमारास खेळांच्या वेष्टनांवर व पुस्तिकांत इशारे छापण्याची रीत रूढ झाली. तिच्यामागे ग्राहकाच्या आरोग्याची काळजी किती आणि न्यायालयात उभे राहण्याची भीती किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये झटपट शिजणाऱ्या शेवयांच्या एका जाहिरातीमुळे तिघांना झटके आल्याचे आढळले. तेथील दूरचित्रवाणी नियामक संस्थेने केवळ इशारा द्या असे सांगून हा प्रश्न सोडविला नाही. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा चमकणारी आणि पडद्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापणारी दृश्ये दाखवावयाचीच नाहीत, असा मापून पाहता येईल असा नियम तिने घातला. प्राध्यापक ग्रॅहॅम हार्डिंग यांच्या संशोधनाचा त्यासाठी उपयोग झाला आणि पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाणारी यांत्रिक तपासणी प्रसारणापूर्वी होऊ लागली. ‘सेकंदाला तीन’ हीच मर्यादा संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकांत आली आहे आणि भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी असलेली मार्गदर्शक तत्त्वेही त्याच मानकांवर आधारलेली आहेत. आपल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘नवीन’ असे लिहिलेली लुकलुकणारी पट्टी लावण्याची हौस असणाऱ्या अधिकाऱ्यांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ गेम यांतील फरक येथेच स्पष्ट होतो. प्रसारणावर नियामकाचा अंकुश होता, म्हणून धोका उगमाशीच रोखला गेला. खेळांच्या बाबतीत असा अंकुश नव्हता, म्हणून इशारा छापून काम भागविण्यात आले. चित्रपट किंवा जाहिरात आधी पाहून तपासता येते. खेळातील दृश्य मात्र खेळणाराच्या हालचालींवर अवलंबून असते आणि प्रत्येक वेळी निराळे होते, ही कंपन्यांची अडचण खरी आहे. परंतु ती अनिवार्य नाही, हेही अनुभवाने दिसून आले. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये एका मुलाला खेळताना झटका आल्याचे प्रकरण गाजल्यानंतर युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपण तयार केलेले खेळ बाजारात आणण्यापूर्वी तपासून घेण्याचे ठरविले.

डिसेंबर २०२० मधील प्रसंग अधिक बोलका आहे. पोलंडमधील एका कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबरला बाजारात यावयाचा होता. परीक्षण लिहिण्यासाठी तो आधी मिळालेल्या एका महिला पत्रकारास खेळताना झटका आला. खेळातील एका प्रसंगी डोळ्यांवर चढविलेल्या यंत्रातून लाल-पांढरे दिवे वेगाने चमकत. मेंदूविकारतज्ज्ञ तपासणीच्या वेळी मुद्दाम झटका उद्भवावा म्हणून जे उपकरण वापरतात, त्याच्याशी हे दृश्य मिळतेजुळते असल्याचे तिने लिहिले. अपस्माराविषयीचा इशारा वापराच्या करारनाम्यात दिलेला आहेच, अशी कंपनीची भूमिका होती. तथापि तिने लगोलग स्वतंत्र इशारा घातला आणि खेळ बाजारात आल्यावर एक-दोन दिवसांतच त्या दृश्यातील चमकही कमी केली. जी गोष्ट एक-दोन दिवसांत दुरुस्त करता येते, ती आधी का करता आली नसती, हा प्रश्न कोणत्याही न्यायाधीशाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

उत्पादकाचे दायित्व

वस्तू तयार करणारा आणि ती वापरणारा यांच्यात प्रत्यक्ष करार झालेला नसला, तरीही उत्पादकावर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ मध्ये डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात मान्य केले. स्कॉटलंडमधील एका उपाहारगृहात मैत्रिणीने विकत घेऊन दिलेल्या पेयाच्या अपारदर्शक बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. बाटली घेणारी एक, पिणारी दुसरी. म्हणून दाद मागता येणार नाही, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. मोबाइल बापाने घेतला आणि खेळला मुलगा, या आजच्या घटनेचे बीज त्या बाटलीत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ जुलै २०२० मध्ये अमलात आला. १९८६ च्या जुन्या कायद्यात नसलेले उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण, कलमे ८२ ते ८७, त्यात आहे. कलम ८४ नुसार उत्पादनात निर्मितीदोष असेल, आराखड्यातच दोष असेल, ठरलेल्या विनिर्देशांपासून ते ढळलेले असेल, दिलेल्या हमीप्रमाणे नसेल, अथवा इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविषयीचा इशारा त्यासोबत नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. इजेच्या व्याख्येत शारीरिक दुखापत, आजार, मृत्यू आणि शारीरिक दुखापतीबरोबर होणारा मानसिक क्लेश यांचाही समावेश आहे.

यातील ‘पुरेशा’ हा शब्द महत्त्वाचा होय. सूचना होती काय, एवढाच प्रश्न नसून ती ज्याच्यासाठी होती त्याला ती समजण्याजोगी होती काय, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रातील मुलांना विकल्या जाणाऱ्या खेळावरील इशारा केवळ इंग्रजीत, करारनाम्याच्या तिसाव्या परिच्छेदात असेल, तर तो पुरेसा कसा म्हणावा? जाहिरात मात्र हिंदी-मराठीत करावयाची आणि इशारा तेवढा इंग्रजीत द्यावयाचा, ही विसंगती तक्रारीत अवश्य दाखवून द्यावी.

दुसरा मुद्दा त्याहून मूलभूत आहे. आराखड्यातील दोष आणि इशाऱ्याचा अभाव ही कायद्याने दोन निरनिराळी कारणे मानली आहेत. इशारा दिला, म्हणजे आराखड्यातील दोष धुऊन निघतो असे कलम ८४ मध्ये कोठेही म्हटलेले नाही. कोणत्या गतीचा लखलखाट घातक आहे हे आज सर्वमान्य आहे. तो मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. चमक कमी केल्याने खेळाची गोडी फारशी कमी होत नाही. असे असता सेकंदाला बारा वेळा लाल-निळी चमक घालणे आणि वर कागदाचे कवच पांघरणे, हा प्रस्तुत लेखकाच्या मते आराखड्याचाच दोष होय.

कंपनीलाही कायद्याने बचाव दिले आहेत. धोका उघड किंवा सर्वसामान्यपणे ज्ञात असेल, किंवा उत्पादनाचे स्वरूप पाहता वापरणाऱ्याला तो ठाऊक असावयास हवा होता असे दिसले, तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही, असे कलम ८७ सांगते. विळ्याने बोट कापते, हे विळ्यावर लिहावे लागत नाही. ज्या मुलाला अपस्मार असल्याचे निदान पूर्वीच झाले आहे आणि लखलखाट टाळण्यास डॉक्टरांनी सांगितलेले आहे, त्याच्या बाबतीत हा बचाव बराच वजनदार ठरू शकेल. ज्याला आयुष्यातील पहिलाच झटका पडद्यासमोर आला, त्याच्यापुढे मात्र तो लंगडा पडतो.

विक्रेता, पार्लर आणि अदृश्य कंपनी

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी जत्रेत किंवा बाजारपेठेत पार्लर आहे. अंधाऱ्या खोलीत मोठे पडदे लावले आहेत. तासाला काही रुपये घेऊन मुलांना खेळू दिले जाते. खेळाची मूळ पुस्तिका मालकाने कधीच फेकून दिली आहे. तेथे एका मुलाला झटका येऊन तो खुर्चीवरून पडला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. कंपनी परदेशात आहे. पुढे काय?

पार्लरचा मालक पैसे घेऊन सेवा देतो, म्हणून सेवेतील उणिवेबद्दल तो जबाबदार ठरू शकतो. इशारा लपविणे, खोली अंधारी ठेवणे, मूल पडल्यावर मदत न करणे या गोष्टी त्याच्या स्वतःच्या आहेत. करमणुकीच्या सार्वजनिक जागांना परवाना देण्यासंबंधी नियम करण्याचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली आहेत. परवान्याच्या तपासणीत आग आणि गर्दी यांबरोबर उजेडाकडेही पाहिले, तर पुष्कळ काही साधेल.

विक्रेत्याविषयी कलम ८६ स्पष्ट आहे. उत्पादकाने दिलेले इशारे किंवा सूचना विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोहोचविल्या नाहीत आणि त्यामुळे इजा झाली, तर तो जबाबदार होतो. उत्पादक कोण हे ठाऊकच नसेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा भारतीय कायदा त्याला लागू होत नसेल, तरीही भार विक्रेत्यावर येतो. वेष्टन नसलेल्या नकली तबकड्या आणि खेळयंत्रे विकणाऱ्या दुकानदारांना याची जाणीव करून देणे आवश्यक आहे. उलटपक्षी, इजेच्या वेळी ग्राहकाने उत्पादनाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही.

खरी गुंतागुंत मोबाइलवर उतरवून घेतलेल्या खेळाची आहे. अधिनियमातील ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या घन, द्रव व वायुरूप वस्तूंच्या भाषेत केलेली आहे. हवेतून आलेला खेळ त्यात बसतो काय? टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २००४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे असे विक्रीकराच्या संदर्भात म्हटले होते. तो युक्तिवाद येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. ई-वाणिज्याविषयीच्या २०२० च्या नियमांत तर डिजिटल उत्पादनांचा उल्लेख स्पष्टच आहे आणि भारताबाहेर स्थापन झालेल्या, परंतु भारतीय ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू व सेवा देऊ करणाऱ्या संस्थांनाही ते लागू आहेत. अशा संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची आणि एक महिन्यात तिचे निवारण करावयाचे, असा नियम आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात सॉफ्टवेअर हेही उत्पादनच आहे असे निःसंदिग्धपणे लिहून हा वाद मिटविला. तेथे ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना ही तरतूद लागू करावयाची आहे.

‘फुकट’ खेळाचा प्रश्न याहून अवघड. आपल्या अधिनियमाप्रमाणे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक. एक पैसाही न देता उतरविलेल्या खेळाच्या बाबतीत कंपनी हाच आक्षेप प्रथम घेईल. खेळातील हत्यारे, पोशाख वगैरेंसाठी थोडीबहुत रक्कम भरलेली असल्यास तिची पावती म्हणूनच मोलाची ठरते. संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी जो अधिनियम संमत केला, त्याचा रोख प्रामुख्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर आहे; पडद्यावरील लखलखाट हा त्याचा विषय नव्हे.

मुलाने दाबलेली कळ

‘मला सर्व अटी मान्य आहेत’ ही कळ दाबल्यावाचून बहुतेक खेळ सुरू होत नाहीत. त्या अटींत, झालेल्या कोणत्याही इजेस कंपनी जबाबदार राहणार नाही, असेही एक वाक्य असते. ही कळ दाबणारा अठरा वर्षांखालील असेल, तर त्या संमतीला कायद्याने कितीशी किंमत आहे? भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही आणि तिने केलेला करार मुळातच शून्य होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिला. कळ सज्ञान माणसाने दाबली असली, तरी ग्राहकावर एकतर्फी भार टाकणाऱ्या अनुचित कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय २०१९ च्या अधिनियमात आहे.

खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारा हाही ग्राहकच मानला जातो आणि अज्ञान मुलाच्या वतीने आईवडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करू शकतात. पालकांच्या जबाबदारीचा मुद्दा कंपन्या नेहमी पुढे करतात. त्यात तथ्य नाही असे नाही. मध्यरात्रीपर्यंत पांघरुणाखाली मोबाइल घेऊन पडलेल्या मुलाकडे लक्ष द्यावयाचे काम परदेशातील कंपनी करणार नाही. परंतु ज्या धोक्याची माहितीच पालकाला समजेल अशी दिली गेली नाही, त्याबद्दल त्याला दोष देणे न्यायाचे ठरत नाही.

जाणूनबुजून केलेली इजा ही बाब अर्थातच निराळी. अपस्माराच्या रुग्णांना समाजमाध्यमांतून मुद्दाम लखलखती चित्रे पाठविण्याचे निर्घृण प्रकार काही देशांत घडले. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात कलम १८३ घालून हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आणि त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवली. ३१ जानेवारी २०२४ पासून ती तरतूद अमलात आहे.

प्रसंग ओढवला तर

मुलाला पडद्यासमोर अस्वस्थ वाटू लागल्यास त्याने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. दोन्ही डोळे मिटल्याने पापण्यांतून प्रकाश झिरपतच राहतो. झटका आल्यास त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा अथवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला किंवा डोक्याला मार लागला असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दाद मागावयाची असल्यास पुरावा त्याच दिवसापासून जपावा लागतो. खेळाचे नाव व आवृत्ती, झटका आला तेव्हा पडद्यावर असलेले दृश्य, इशारा कोठे व कोणत्या भाषेत होता याचे छायाचित्र, पैसे भरल्याची पावती, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावे आणि मेंदूच्या विद्युतालेखासह वैद्यकीय कागदपत्रे एकत्र ठेवावीत. खेळ मोबाइलवरून घाईने काढून टाकू नये; कंपनीने मागाहून चमक कमी केली, तर मूळ दृश्य पुन्हा पाहावयास मिळत नाही. दोष तपासणीवाचून ठरविता येण्यासारखा नसेल, तर जिल्हा आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारदार जेथे राहतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जाण्याचे कारण नाही. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तेथवर जिल्हा आयोगाचा अधिकार चालतो आणि ५ लाखांपर्यंत शुल्क पडत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.